मुरलीची अक्षता

खंडेनवमीच्या सकाळी दाढी करताना अण्णांनी हनुवटीला कापून घेतलं. आईनं तुरटीचा खडा आणून दिला.

"आज हात कुठं हाय तुमचा?"

"पातं नवं हाय," अण्णा म्हणाले.

पातं जुनंच होतं.  आईनं त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, माझ्या केसात शेवंतीची वेणी माळली आणि बाहेर पडायच्या आधी दार लोटून घेत हळूच म्हणाली, "नव्या शेडकडं तुम्ही पुढं पुढं करायचं न्हाय. नमस्कार करायचा आणि मागं सरायचं. आणि तू गं, सारे, तोंडातनं शब्द काढायचा न्हाईस. जालिंदर भावजींसमोर तर मुळीच न्हाय."

वर्षभर आम्हाला कंपनी म्हणजे फक्त तिचं फाटक. नीरेकाठच्या आमच्या गावाला खेटून एमआयडीसी आली, तिच्यात ही टेम्पो बनवणारी कंपनी सगळ्यांत मोठी. खंडेनवमीला मात्र हत्यारांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडायचे. अण्णा पेंट शॉपला होते. बूथ नावाच्या बंद खोलीत उभं राहून टेम्पोच्या केबिनवर गननं रंग मारायचा. लग्नाच्या आधीपासून ते हेच काम करत होते.

आई कशाला घाबरत होती ते मला माहीत होतं. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात काही लपत नसे. नव्या शेडमध्ये रंग मारणारं मशीन आलं होतं. एक लांब हात आणि मनगटाला गन. त्याला आपलं आपण काही येत नव्हतं. चांगल्या पेंटरनं त्याची मूठ धरून एक केबिन रंगवून दाखवायची, मग दुसरी, मग तिसरी, इंजिनिअर पुरे म्हणेपर्यंत. एकदा शिकलं की ते तसंच्या तसं करत राहणार, न थांबता, न खोकता. युनियनची सभा खंडोबाच्या देवळात झाली आणि पेंट शॉपमधल्या प्रत्येकानं भंडारा उचलून शपथ घेतली: मशीनला आपल्यातला कुणी शिकवणार नाही.

भंडारा अण्णांनीही उचलला होता. आणि त्यानंतर महिनाभर ते स्टोअरला ड्यूटी लागल्याचं सांगून रोज नव्या शेडमध्ये जात होते.

"नाफडे साहेबांनी शब्द दिलाय," ते आईला सांगत होते ते मी ऐकलं होतं. "एक बी माणूस काढणार न्हाईत. विषारी काम तेवढं मशीन करंल, आपण काचेच्या अलीकडं बसून बघायचं. जालिंदरची छाती ऐकलीस का? शिंप्याच्या मशीनवानी वाजती. आणखी दोन दिवाळ्या बूथमधी उभा ऱ्हायला तर संपला तो."

"मग सांगा की त्यांनाच."

"भंडारा उचललाय त्यानं. देवाच्या पुढं माझं ऐकंल व्हय?"

नव्या शेडचे इंजिनिअर नाफडे साहेब खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांनाही वरून कुणीतरी तेच सांगितलं असणार.

जालिंदरकाका आमच्या भिंतीपलीकडचे. बूथमध्ये केबिनच्या एका अंगाला अण्णा, दुसऱ्या अंगाला ते, अशी दोघांची जोडी कित्येक वर्षं होती. त्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढल्या चढल्या त्यांनी आईला हाक मारली.

"वहिनी, मुरल्याच्या हनुवटीला कुंकू लावलंय का तुम्ही? पूजा घरीच उरकली?"

सगळी बस हसली. अण्णाही हसले, पण खिडकीकडं बघून.

मग कुणाच्या तरी सुनेनं विचारलं की आत नेमकं काम कसं करतात, आणि काकांना आयतंच निमित्त मिळालं. ते दोन सीटच्या मधे उभे राहिले. "हे बग पोरी. वरनं आकड्याला लटकत केबिन येती. म्हंजी नवरी बोहल्यावर आली. आम्ही समदे सरळ गन धरतो आन् चालू करतो. पण आमचा मुरल्या!" त्यांनी उजवा हात वर नेला, जरा थांबवला आणि मनगट खाली डावीकडं असं झटकलं की बोटांतून काहीतरी सांडल्यासारखं वाटलं. "आदी अक्षता टाकायची, मग रंग. नवरीवर अक्षता पडल्याबिगर मुरल्याचा मुहूर्त न्हाय."

त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. जुनी गन सुरुवातीला रंगाची एक थुंकी टाकायची. ती केबिनवर पडू नये म्हणून अण्णा पहिला फवारा बाजूला झटकायचे. नव्या गन आल्या, थुंकी गेली, झटका मात्र राहिला. घरीसुद्धा हात धुतले की ते तसंच मनगट झटकायचे आणि मोरीच्या भिंतीवर थेंबांची एकच तिरपी ओळ उमटायची. तो झटका रोज डोळ्यांनी बघायचे ते फक्त जोडीदार काका; बाकी पेंट शॉपला मुरलीची अक्षता त्यांच्या थट्टेतूनच माहीत होती.

पेंट शॉपच्या दारात टेबलावर लाल कापड अंथरून त्यावर गन ओळीनं मांडल्या होत्या, घासूनपुसून लख्ख. प्रत्येकानं आपापल्या गनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. अण्णा आपल्या गनपुढं जरा जास्त वेळ वाकून राहिले. काकांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "काय मागतोस एवढं? माझ्यासाठी बी माग थोडं."

"तुझ्यासाठीच मागतोय," अण्णा म्हणाले.

मग स्पीकरवरून सगळ्यांना नव्या शेडकडं बोलावलं. आईनं माझा हात घट्ट धरला.

काचेच्या मोठ्या खोलीत ते मशीन उभं होतं. पिवळं, अंगभर प्लॅस्टिकचं आवरण, मानेत झेंडूचा हार. आमची माणसं काचेपाशी गोळा झाली आणि थट्टा सुरू झाली.

"कुठला म्हणायचा हा पाव्हणा?"

"जपानचा हाय म्हणं."

"आरं मग त्याला पुरणपोळी चालंल का इचारा," जालिंदरकाका म्हणाले. "न्हायतर उपाशीपोटी काम करायचा, बिचारा."

"त्यो उपाशी ऱ्हातो म्हणून तर आणलाय," मागून युनियनचे धुमाळ म्हणाले. त्यावर कुणी हसलं नाही.

काका माझ्या शेजारी उभे होते. अण्णा मागं, खांबाजवळ. नाफडे साहेब तरुण होते, अंगात नवा कुडता होता, आणि आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ते म्हणाले, "आज रंग भरलेला नाही, नुसती हवा आहे. मुलांना घाबरू देऊ नका." आणि त्यांनी बटण दाबलं.

वरून एक कोरी केबिन लटकत आत आली आणि थांबली. पिवळा हात हळूच वर उठला. क्षणभर तसाच राहिला. मग त्याचं मनगट वळलं आणि खाली डावीकडं, रिकाम्या हवेत, त्यानं एक झटका दिला.

त्यानंतर तो केबिनकडं वळला आणि कामाला लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं काचेला नाकं लावून बघत होती. तो हात छताच्या कडेनं गेला, दाराच्या कोपऱ्यात किंचित रेंगाळला, खाली आला. माझे अण्णा कसे चालतात, घास कसा घेतात, हे जसं मला न बघता कळायचं, तसं मला ते कळत होतं. मी मान वळवली नाही. पण शेजारी काकांचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं. ज्यांची छाती अख्ख्या बसला ऐकू जायची, त्यांचा श्वास.

दुसरी केबिन आली. हात उठला, थांबला, झटका दिला.

"भारी शिकलाय की," धुमाळ म्हणाले. ते पूर्वी बॉडी शॉपला होते, बूथच्या आत त्यांनी कधी काम केलं नव्हतं. "ह्याला शिकवला कुणी? साहेब सांगायचे न्हाईत. पण आपल्यातला असंल ना, तर भंडाऱ्याची शपथ, गावात ऱ्हाऊ देणार न्हाय त्याला."

 मी खांबाकडं पाहिलं. अण्णांनी खाली बघत हातातल्या रुमालाची घडी घातली होती, आणि तिची ते आणखी एक घडी घालत होते.

"आपल्यातला कशाला असंल?" जालिंदरकाका मोठ्यानं म्हणाले. "मद्रासकडची दोन पोरं आलती महिनाभर. म्या बघितल्यात की. लुंगीवाली. कँटीनमधी भातावर भात वाढून घ्यायची. त्यांनी शिकवला. बघ ना, कसा डोसा पसरवल्यावानी हात फिरतोय त्याचा."

हशा पिकला. धुमाळही हसले. अशी पोरं कधी आलीच नव्हती.

मग मशीनपुढं नारळ फोडायचा होता. पेंट शॉपमधला जुना माणूस म्हणून नाफडे साहेबांनी अण्णांनाच पुढं बोलावलं. मला वाटतं, त्यांना तो मान मनापासून द्यायचा होता. अण्णांनी नारळ हातात घेतला. तो दगडावर आपटायला त्यांचा हात काही उठेना.

"आण हिकडं," काका म्हणाले. "तुला काय जमतंय? नुसता अक्षता टाकणारा तू." त्यांनी नारळ अण्णांच्या हातातून काढून घेतला, एका घावात फोडला आणि पाणी मशीनच्या पायाशी शिंपडलं. फिरून अण्णांकडं बघितलं नाही.

नंतर प्रसाद वाटताना पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी पेला पुढं केला. मी पाणी ओतत असताना ते माझ्याशी हळू आवाजात थोडंसं बोलले. मग बस सुटली.

संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले होते. दिवे लागायची वेळ. आई आत तांदूळ निवडत होती.

"तेवढं काढून टाका म्हणून सांगितलं होतं मी साहेबांना," ते म्हणाले. "सुरुवातीचा तो झटका. म्हटलं, साहेब, त्यो काय कामाचा न्हाय, माझ्या हाताची खोड हाय. काढतो म्हणाले. इसरले."

"कोण बघतंय एवढं," आई आतून म्हणाली.

"कोण न्हाय. पण जालिंदर..." ते माझ्याकडं वळले. "सारे, तू त्याच्या शेजारी हुतीस. त्यानं बघितलं का गं?"

हनुवटीवरची जखम काळी पडली होती. त्यांच्या डोळ्यांत एवढं आर्जव मी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"नाही," मी म्हणाले. "काकांचं लक्ष पोरांकडं होतं."

त्यांनी दीर्घ श्वास सोडला आणि हात धुवायला मोरीत गेले.

दसऱ्याला दरवर्षीसारखे काका पहिल्यांदा आमच्याच घरी सोनं घेऊन आले. आपट्याची पानं अण्णांच्या हातात ठेवून त्यांनी मिठी मारली. "सोन्यासारखा ऱ्हा, मुरल्या." अण्णा मान खाली घालून म्हणाले, "तू बी."

त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिल्या पाळीला फाटकावर गर्दी जमली. फाटकाच्या खांबावर कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा लागायचा, दांडा उघडायचा. त्या सकाळी एकामागून एक लाल दिवा लागत गेला. पेंट शॉपचा, वेल्डिंगचा, बॉडी शॉपच्या अर्ध्या माणसांचा. आधी वाटलं, खांबच बिघडला. माणसं कार्ड शर्टाला पुसून पुन्हा टेकवत होती. कुणी फुंकर मारली, कुणी कार्डाला नमस्कार केला. आतून कुणी साहेब बाहेर आला नाही. स्पीकरवरून एका बाईचा आधीच भरून ठेवलेला आवाज सांगत राहिला: सहकार्याबद्दल आभार, हिशेब घरपोच मिळेल, कृपया गर्दी करू नये.

अण्णा डबा विसरले म्हणून मी सायकलवर गेले होते, त्यामुळं हे मी पाहिलं. अण्णांचं कार्ड त्यांनी एकदाच टेकवलं. लाल. ते बाजूला झाले आणि काकांना वाट करून दिली. काकांचाही लाल. 

"चला," काका म्हणाले. "पाव्हण्यानं घर घेतलं. घरवाल्यांनी निघावं आता."

  काकांनी माझ्या हातातला डबा घेतला, उघडला, म्हणाले, "मेथी हाय. ये, खाऊन घेऊ." पण अण्णा तोवर नदीच्या वाटेला लागले होते.

नाफडे साहेबांचा फोन त्यानंतर कधी लागला नाही. पुढं कळलं, वर्षभरात त्यांनाही काढलं.

कितीतरी घरं गाव सोडून गेली. अण्णांनी लोकांच्या खिडक्या, दारं, देवळाचे कठडे ब्रशनं रंगवायला घेतले. गनचं काम आलं तर ते नको म्हणायचे. काका पलीकडच्या कॉलेजवर राखणदार लागले, आणि बूथ सुटल्यावर त्यांची छाती खरोखरच सुधारली. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येईनासा झाला. ती शांतता अण्णांना कधी जाणवली का, मला माहीत नाही. ते मागच्या दारानं ये-जा करू लागले होते. काका नळावर दिसले की घागर तशीच ठेवून घरात यायचे. भंडारा मोडल्याचं ओझं तर होतंच. त्यावर हे, की ज्याच्यासाठी मोडला त्याचीच भाकरी गेली, आणि त्याला ते माहीतही नाही. माहीत झालं तर तो थुंकेल, असं त्यांना वाटायचं. एकदा आईला म्हणाले होते, "एवढं एक न कळता मरू दे मला."

दर दसऱ्याला काका सोनं घेऊन पहिल्यांदा आमच्याच दारात यायचे. दर दसऱ्याला अण्णा त्याआधीच शिवेवर गेलेले असायचे. काका पान माझ्या हातात देऊन म्हणायचे, "बापाला दे." माझं लग्न झालं तरी दसऱ्याला मी माहेरी यायची, ती बहुतेक ते पान घ्यायलाच. अण्णा ते देवापुढं ठेवायचे. उलट सोनं द्यायला पलीकडं कधी गेले नाहीत.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. छाती काकांची वाजायची, पण फुप्फुसं निकामी झाली होती ती अण्णांची.

दहाव्याला नीरेच्या घाटावर बरीच माणसं आली. पेंट शॉपमधले उरलेसुरले सगळे होते, म्हातारे झालेले. धुमाळ होते. सगळ्यांत वरच्या पायरीवर, टॉवेल तोंडाशी धरून, जालिंदरकाका होते.

पिंड ठेवला. अण्णांना आवडायची ती मेथीची भाजी, भाकरी, कपभर चहा. समोरच्या चिंचेवर कावळे बसले होते. एकही खाली येईना.

काहीतरी राहिलंय त्यांचं, कुणीतरी पुटपुटलं. चुलते पुढं झाले. "दादा, वहिनीला अंतर देणार न्हाय." कावळे हलले नाहीत. आई म्हणाली, "माझी काळजी करू नगा. लेकीकडं जाईन मी." कावळे तिथंच. माझ्या नवऱ्यानं मुलाच्या शिक्षणाचं सांगितलं. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा काका पायऱ्या उतरून आले. पिंडापुढं उभे राहिले. "मुरल्या," ते म्हणाले, "ये की लेका. माणसं उन्हात हाईत." लोक हसले आणि रडले. काकांना पुढं बोलायचं होतं. त्यांचा जबडा नुसता हलत राहिला.

मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला पाण्याच्या टाकीजवळचा तो पेला दिसत होता. त्या खंडेनवमीला ते म्हणाले होते, "सारे, बघितलंस न्हवं? बघितलंस तू. मुरल्याला सांगू नगं मला कळलंय ते. माझ्यासाठीच केलं असणार त्यानं, दुसऱ्या कशासाठी करतोय त्यो? पण मला कळलंय हे त्याला कळलं ना, तर त्यो माझ्यासमोर उभा ऱ्हायचा न्हाय. मला बूथमधी दुसरा जोडीदार नगं. भंडाऱ्याची आण हाय तुला." आणि पेल्यातलं पाणी एका घोटात पिऊन ते बसकडं गेले होते, पुन्हा कुणाची तरी थट्टा करत.

काकांनी टॉवेलानं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं.

"सारे," ते म्हणाले, "मोकळी हाईस तू."

आईनं माझं मनगट धरलं. तिच्या नजरेत घाटावरची सगळी माणसं होती, धुमाळ होते, भंडारा उचललेले सगळे हात होते. मग तिनं पिंडाकडं पाहिलं आणि माझं मनगट सोडून दिलं.

मी एक पायरी खाली उतरले. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले:

"अण्णा, पाव्हण्याची अक्षता जालिंदरकाकांनी त्याच दिवशी ओळखली होती. काचेपाशी, माझ्या शेजारी उभं राहून. तुम्ही मला विचारलंत, मी नाही म्हणाले. त्यांनी बघितलं होतं, अण्णा. तुम्ही ते कुणासाठी केलंत तेही त्यांना कळलं होतं. ते दर दसऱ्याला तुम्हालाच सोनं द्यायला येत होते."